आईनेच हळद लावली तर चार लोक काय म्हणतील? आणि हे चार लोक नक्की कोण?

कोयनाकाठ | ३ एप्रिल, रात्री १०:२०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. लांबेल, पण सांगून टाकते. घरात सध्या या विषयावर सगळे फक्त कुजबुजतात.

मे २०२१ मध्ये माझे धाकटे काका कोरोनाने गेले. वय अठ्ठेचाळीस. दवाखान्यातून फोन आला, अंत्यसंस्कार परस्पर झाले, घरी आला तो फक्त त्यांचा मोबाइल आणि चष्मा. लॉकडाऊन होता, गावात कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. पण दहाव्याला भावकीतल्या बायका बरोबर जमल्या.

काकूला ओसरीच्या कडेला बसवलं. शेजारच्या एका आज्जींनी तिचा हात धरून उंबऱ्यावर आपटला. दोन बांगड्या फुटल्या, तिसरी फुटेना. जाड काचेची होती, काकांनीच पालीच्या जत्रेतून आणलेली. मग कोणीतरी आतून वरवंटा आणून दिला. काच मनगटात घुसली, रक्त आलं, तेव्हा एक जण म्हणाली, "असू दे, होतं असं." माझी चुलतबहीण तेव्हा अठरा वर्षांची. मधल्या दारात चौकट धरून उभी होती. मीही तिथेच होते. शिकलेली, पुण्यात नोकरी करणारी, चांगली सदतीस वर्षांची बाई. मी तोंडातून एक शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षभरात त्या ओसरीवरच्या एकेकीशी मी बोलले. भांडायला नाही, मला समजून घ्यायचं होतं. आई म्हणाली, मला नकोच होतं गं, पण थोरल्या जाऊबाई बसलेल्या. थोरली काकू म्हणाली, मला बघवत नव्हतं, पण वन्सं काय म्हणतील? वन्सं म्हणजे माझी आत्या. ती स्वतः वीस वर्षांपूर्वी विधवा झालेली. ती म्हणाली, "माझ्या वेळी केलं तवा कोण बोललं नाही. मी बोलले असते तर म्हणाल्या असत्या, हिला आता पुळका आला." आणि ज्यांनी बांगड्या फोडल्या त्या आज्जी म्हणाल्या, "बोलावलं म्हणून आले बाई. मला काय हौस हाय व्हय?"

ओसरीवर आम्ही अकरा जणी होतो. अकरांपैकी एकीलाही ते नको होतं. आणि ते झालं.

आता २८ एप्रिलला त्याच बहिणीचं लग्न आहे. घाणा भरायला, हळद लावायला पाच सवाष्णी लागतात, त्यात आई नाही. कन्यादानाला थोरले काका-काकू बसणार. बहीण म्हणते, आईने पहिली हळद लावली नाही तर मी अंगाला हळद लावून घेणार नाही. काकू म्हणते, माझ्यामुळे मुलीच्या लग्नात विघ्न नको. मुलाकडची मंडळी वाळवा तालुक्यातली, त्यांना यातलं काही माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात असं काही झालंय का? एका माणसाने बदललं म्हणून बाकीचे बदलले, असं खरंच होतं का?

सांजवेळ | ३ एप्रिल, रात्री ११:०२

"अकरांपैकी एकीलाही ते नको होतं." इथेच थांबले. पुढचं नंतर वाचलं.

पंचगंगा | ४ एप्रिल, सकाळी ७:४५

आम्ही शिरोळ तालुक्यातले, त्यामुळे हेरवाडबद्दल लिहितो. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते, महाराज ६ मे १९२२ ला गेले. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने तसाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे १९२० मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेबांची परिषद झाली होती. आणि १७ मे २०२२ ला राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. तेरा दिवसांत एका गावाचा ठराव राज्यभर पोचला.

पण या सगळ्याच्या आधी करमाळ्याकडचे प्रमोद झिंजाडे होते. त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवलं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथांची सक्ती करू नये. ही कल्पना घेऊन ते गावोगाव बोलत राहिले. म्हणजे आधी एक माणूस, मग एक गाव, मग सरकार. सरकार सगळ्यात शेवटी आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ठराव झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं पालटलं असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत त्यानंतर दोन मयती झाल्या. पहिल्या घरात सगळं जुन्यासारखंच झालं. दुसऱ्या घरात सुनेने सासूच्या दंडाला धरलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "ठराव झालाय, आता करता येत नाही." खरं तर ठराव आमच्या गावात झालाच नव्हता, शेजारच्या गावात झाला होता. पण ते वाक्य पुरलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर सावरत उठल्या. त्या उठण्यात मला सुटका दिसली. नको असलेलं काम टळल्यावर माणूस उठतो तसं ते उठणं होतं.

तुमच्या आईला, काकूला, आत्याला बहुतेक असंच एखादं वाक्य हवं होतं. "मी नाही म्हणत" हे जड जातं. "आता करत नाहीत" हे सोपं जातं.

ओवी | ४ एप्रिल, दुपारी १२:३०

मी सत्तरीची आहे. मन दुखवायचा हेतू नाही. पण मुलीच्या लग्नात हा विषय काढू नये असं मला वाटतं. लग्न दोन घरांचं असतं. पोरगी त्या घरात जाऊन राहणार. पहिल्याच दिवशी "हिच्या आईने असं केलं" हे तिच्या कपाळी लागलं तर ते वर्षानुवर्षं पुसत नाही. पुढे नणंदेचं बाळंतपण अडलं, दिराचा धंदा बसला, तरी बोट तिच्याकडेच जाईल. तुम्ही पुण्याला निघून जाल. बदल करायचा तर आपल्या घरात, आपल्या सणाला करा. श्रावणात करा, संक्रांतीला करा. लग्नात नको.

फळाखडू | ४ एप्रिल, रात्री ९:१५

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. कोयनाकाठ, तुमच्या ओसरीचं वर्णन वाचून मला सोलोमन ॲश यांचा १९५१ चा प्रयोग आठवला. दरवर्षी वर्गात सांगते, पण त्याचं उत्तम उदाहरण मला तुमच्या लिखाणात मिळालं.

एका कार्डावर एक रेघ. दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, त्यातली एक पहिलीएवढी. कोणती, ते मोठ्याने सांगायचं. लहान मूलही सांगेल इतकं सोपं. खोलीत सात-आठ तरुण, पण त्यांतला एकच खरा. बाकीचे आधीच ठरवून ठेवलेले. ते एकामागून एक, शांत चेहऱ्याने, एकच चुकीचं उत्तर देतात. मग या बिचाऱ्याची पाळी येते. एकटं असताना अशा चुका शंभरात एकही होत नाही. इथे मात्र साधारण एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसणारं सोडून इतरांचं उत्तर देऊन मोकळी झाली. चारांपैकी तीन जण निदान एकदा तरी वाकले. नंतर विचारलं तर कोणी म्हणालं, मला वाटलं माझंच चुकतंय. कोणी म्हणालं, दिसत होतं मला, पण वेगळं कसं बोलायचं.

आता मी मुलांना जे दोनदा सांगते ते सांगते. ॲशनी पुढे एक छोटा फरक केला. त्या ठरवून बसवलेल्या मंडळींत फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला! तेवढ्याने तिसऱ्या हिश्श्यावरचं वाकणं वीसात एकावर आलं. बहुमत तसंच होतं, आवाज तसाच होता. पण शेजारी एक जण होता.

तुमच्या ओसरीवर तर बहुमतही नव्हतं. ॲशच्या खोलीत निदान बाकीचे खरंच चुकीचं उत्तर देत होते. तुमच्याकडे अकराच्या अकरा जणी दुसरीच्या मनातलं चुकीचं वाचत होत्या. प्रत्येक जण एकाच वेळी घाबरलेली होती आणि दुसरीला घाबरवतही होती. तुमची आई जाऊबाईंकडे बघत होती, आणि कदाचित एखादी धाकटी सून तुमच्या आईकडे बघत असेल. आपल्यावर कोणाचा दाब आहे ते आपल्याला पटकन कळतं. आपला कोणावर आहे, ते मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, होतं. पण ती एक जण आधी ठरलेली असावी लागते. ऐनवेळी कोणाचीच जीभ उचलत नाही.

कोयनाकाठ | ४ एप्रिल, रात्री ११:४०

फळाखडू, "कदाचित एखादी धाकटी सून तुमच्या आईकडे बघत असेल" हे वाचून पोटात कालवलं. कारण ती सून नव्हती, माझी बहीण होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. तिने नंतर मला सांगितलंय: "ताई, मला वाटलं तू थांबवशील."

ओवीताई, तुमचं म्हणणं मी बाजूला टाकलेलं नाही. काकू अगदी हेच म्हणते, जवळजवळ याच शब्दांत.

जुनीवही | ५ एप्रिल, सकाळी १०:१०

थोडा इतिहास, कारण "आपल्यात हे पूर्वीपासून आहे" हे वाक्य या विषयात फार चालतं आणि ते अर्धंच खरं आहे.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा पाट लागायचा. पाट, मोहतूर, गावागणिक नाव वेगळं. पहिल्या लग्नाचा मान त्याला नसे, रात्री गुपचूप लावत, पण बाई पुन्हा संसाराला लागायची. केशवपन, पुनर्विवाहाला बंदी हे वरच्या म्हणवणाऱ्या मोजक्या घरांतलं. मग ज्या कुळांची परिस्थिती सुधारली त्यांनी मान मिळवायला आधी काय सोडलं? पाट सोडला. "आमच्यात पाट लागत नाही" हे प्रतिष्ठेचं वाक्य झालं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी या वरच्याकडे बघून उचलण्याला संस्कृतीकरण म्हटलं. तेव्हा देखादेखीने चांगलंच पसरतं असं नाही. बाईला जखडणारं बरंचसं आपल्याकडे देखादेखीनेच आलंय, आणि ते येताना कोणी जबरदस्तीही केली नव्हती.

उलट्या दिशेची साखळीही तितकीच खरी. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या बालविधवांपैकी एक गोदूबाई. त्यांचे भाऊ नरहरपंत जोशी हे धोंडो केशव कर्व्यांचे मित्र, मुंबईत एकत्र राहिलेले. १८९३ मध्ये विधुर कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं आणि त्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या मुरुडने सभा भरवून ठरवलं की यांच्या पंगतीला, बैठकीला कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी यांना थारा दिला तर त्यांच्यावरही बहिष्कार. आई, भाऊ, बहीण गावातच होते. त्यांनी काय सोसलं असेल ते कोकणातल्या वाडीत राहिलेल्यालाच कळेल. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, त्याच कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या आश्रमात आल्या, आणि पुढे आश्रमासाठी निधी गोळा करायला अमेरिकेपर्यंत गेल्या.

पंचगंगा यांचं वाचताना मला हेच जाणवलं. मुरुडलाही गावाची सभा भरली, हेरवाडलाही. दोन्हीकडे ठरावच झाला. गावाचं वजन तेवढंच होतं, फक्त ते कोणाच्या बाजूला पडलं एवढाच फरक.

आणखी एक. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा झाली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्या कारागिरांनी ठरवलं. हे मला फार मोठं वाटतं. ज्याच्या हातात वस्तरा तोच म्हणाला, मी करणार नाही. कोयनाकाठ, तुमच्या गावात त्या आज्जी आहेत. त्यांच्याशी बोललात ना? पुन्हा बोला.

अबोली | ५ एप्रिल, रात्री १०:५५

मी बावन्न वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. धागा सकाळपासून वाचतेय आणि लिहू की नको करतेय.

तुम्ही सगळे चांगल्या मनाने लिहिताय. पण एक सांगू? काकूला काय हवंय ते कोणी विचारलं का? बहिणीला काय हवंय ते कळलं. तुम्हाला काय वाटतं ते कळलं. काकू म्हणते "विघ्न नको", ते तिचं की तिला शिकवलेलं, हे तिलाही माहीत नसेल कदाचित. पण म्हणून आपण तिच्या वतीने ठरवायचं नसतं.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. नवरा गेल्यावर सासूबाईंनी काही करू दिलं नाही. बांगड्या फोडल्या नाहीत, मी स्वतःच काढून ठेवल्या, कारण त्या वेळी हाताला काहीच सहन होत नव्हतं. नंतर माझ्या सुधारक मैत्रिणी आल्या. कुंकू लावच, मंगळसूत्र घालच, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. दर भेटीत. मला कुंकवाचं कधीच फारसं नव्हतं, लग्न झालं म्हणून लावत होते. एक जमाव पूस म्हणतो, दुसरा लाव म्हणतो, आणि कपाळ माझं!

मला खरं काय लागलं ते वेगळंच होतं. ऑफिसात संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. तरुण मुली ताट घेऊन टेबलाटेबलाने फिरतात. माझ्या टेबलाशी आल्या की त्यांची पावलं किंचित अडखळतात, मग त्या हसून पुढे जातात. वाईट मुली नाहीत त्या. मला अवघडायला नको म्हणून पुढे जातात. पण ती अडखळ मी नऊ वर्षं बघतेय. त्यातल्या एकीने जरी थांबून "ताई, लावू का?" एवढं विचारलं असतं, तर मी कदाचित नको म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं.

लहानपणापासून मला बांगड्या आवडायच्या. कोपरापर्यंत. त्या काढल्या त्या काढल्या. नंतर घालाव्यात असं कितीदा वाटलं, पण आता घातल्या तर लोकांना काहीतरी कारण लागेल, म्हणून राहूनच गेलं.

सांजवेळ | ५ एप्रिल, रात्री ११:२०

अबोलीताई, आमच्या ऑफिसात ताट घेऊन फिरणारी मी असते. मीही असंच पुढे जाते. माफ करा.

बाभूळ | ६ एप्रिल, सकाळी ८:३०

ओवीताईंचा मुद्दा सोयरिकीचा आहे आणि माझ्या मते तोच कळीचा. माझं काम ग्रामीण आरोग्यात गेलं, त्यामुळे दोन बाहेरची उदाहरणं देतो.

चीनमध्ये शेकडो वर्षं मुलींचे पाय बांधत. पाय बांधला नाही तर लग्न होत नाही, हीच भीती. एकट्या घराने थांबवलं तर त्यांचीच मुलगी घरी राहणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मंडळ्या निघाल्या आणि त्यांनी कुटुंबांकडून दुहेरी शपथ घ्यायला सुरुवात केली: आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही, आणि आमच्या मुलांना पाय बांधलेली मुलगी करणार नाही. दुसरा भाग महत्त्वाचा. त्याने भीतीचं मूळच कापलं. शेकडो वर्षांची प्रथा बहुतेक ठिकाणी पिढीभरात ओसरली.

दुसरं सेनेगलचं. १९९७ मध्ये मालिकुंदा बंबारा गावच्या बायकांनी मुलींची सुंता बंद करायचं जाहीर केलं. आजूबाजूची गावं उलटली, टीका झाली. तेव्हा देंबा दियावारा नावाच्या वयस्क इमामांनी साधी गोष्ट सांगितली: आमच्या मुली त्या गावांत जातात, त्यांच्या मुली आमच्याकडे येतात, एकट्या गावाला हे झेपणार नाही. आणि ते पायी निघाले. नात्यातल्या गावागावांत जाऊन बसले, ऐकलं, बोलले. १९९८ च्या फेब्रुवारीत तेरा गावांनी मिळून जाहीर केलं. तिथून ते पसरत गेलं.

म्हणून माझा सल्ला: हळदीच्या दिवशी धक्का देऊ नका. मुलाच्या आईकडे आताच जा. काकूलाच घेऊन जा, तिची तयारी असेल तर. चहा घ्या, सांगा. ती अडवेल अशी धास्ती तुम्हाला आहे. ती तुमच्या धास्तीने गप्प असेल, कोणी सांगावं.

दूरदेशी | ६ एप्रिल, दुपारी १२:१०

न्यू जर्सीहून. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ काकू दरवेळी स्वयंपाकघरातच थांबायच्या, भांडी आवरायला. सगळ्यांना वाटायचं त्यांना काम करायला आवडतं. एका सतरा वर्षांच्या मुलीने, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, बाहेर ओढून आणलं आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. खोली गप्प झाली. काकू रडल्या. पुढच्या वर्षीपासून त्या बाहेरच बसतात. आम्ही सगळ्या तिशी-चाळिशीच्या, आणि जमलं ते न कळणाऱ्या मुलीला.

तुकडाभाकर | ६ एप्रिल, दुपारी १:४०

फार लिहिता येत नाही. पंचगंगांची पोस्ट वाचून काल जेवताना बायकोला सांगितलं, मी आधी गेलो तर तुझ्या अंगावरचं काही उतरवायचं नाही. आई समोर होती. मला वाटलं आई ओरडेल, अभद्र बोलू नको म्हणून. आई गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हे तुझ्या बापानं म्हणायला हवं होतं."

ओवी | ७ एप्रिल, सकाळी ६:५०

अबोली, तुझं दोनदा वाचलं. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा जाऊन तेवीस वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक कार्यात ती कोठीच्या खोलीत असते, सामान काढून द्यायला. मी म्हणत आले, तिला गर्दी आवडत नाही. आज सकाळी फोन करून विचारलं. ती म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

कोयनाकाठ, लग्नाबद्दल मला अजून भीती वाटतेच. पण आधी मुलाच्या आईशी बोला, हे बाभूळ यांचं पटलं.

कोयनाकाठ | १ मे, रात्री ९:३०

लग्न झालं. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी काकूला विचारलं, अबोलीताईंनी सांगितलं तसं. चुलीपुढे बसून, घरात कोणी नसताना. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, कुंकू नको, कन्यादानाला पाटावर बसायला नको, तिथे मला त्यांची आठवण येईल. "पण तिच्या अंगाला हळद लावायला मिळाली तर बरं वाटंल." एवढंच. आम्ही तिच्यासाठी लढायला निघालो होतो त्यातलं अर्धं तिला नकोच होतं.

मग वाळव्याला गेलो. मी, काकू, थोरली काकू. सांगताना थोरल्या काकूचा आवाज कापत होता. मुलाची आई ऐकून म्हणाली, "आमच्या सासूबाईंना विचारते." आत गेली. आम्ही तिघी सोफ्यावर, पंख्याचा आवाज. दहा मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "त्या म्हणतात, आईनं नाही लावायची तर कुणी?" परत येताना एसटीत कोणी काही बोललं नाही.

त्या आज्जींकडेही गेले. त्या म्हणाल्या, मी येईन हळदीला, पण मला काही करायला लावू नका. आल्या. मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या. त्यांनी काहीच केलं नाही, फक्त बसल्या. पण त्या बसल्यात म्हटल्यावर मागच्या बायकांची कुजबुज खाली आली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. घाणा पाच सवाष्णींनीच भरला, मुसळांना हात लावायला काकू स्वतःच पुढे आली नाही. ती हळदीची वाटी घेऊन उभी राहिली तेव्हा भावकीतल्या दोघी उठून गेल्या, जेवायलाही थांबल्या नाहीत. त्यातली एक माझ्या आईची सख्खी मैत्रीण. आई अजून त्यावर बोलत नाही. काकूचा हात इतका थरथरत होता की पहिली हळद बहिणीच्या गालाला न लागता कानाला लागली. बहिणीने तिचं मनगट धरलं, तेच मनगट, आणि गालावर टेकवलं. फळाखडू, यावेळी मी आधीच ठरवून काकूच्या शेजारी उभी होते.

आता शेवटचं, जे सांगायचं म्हणून दोन दिवस मनात घोळतंय. चुडा भरायला कासार आलेला. अंगणात चटई टाकून बसला. बहीण म्हणाली, आधी आईला भरा. कासार थबकला. काकू म्हणाली, "हिरव्या नको. त्या निळ्या दाखव." त्याने निळ्या काढल्या, प्रत्येक हातात तीन-तीन. मग थोरली काकू, मग आई, मग बाकीच्या. बऱ्याच वेळाने, गर्दी ओसरल्यावर, आत्या येऊन चटईच्या कडेला बसली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. तिने पदरातून हात बाहेर काढून पुढे केला.

कासार म्हणाला, "माप किती, आत्या?"

ती म्हणाली, "आता कुठलं आठवतंय. वीस वर्षं झाली."

त्याने तिचा पंजा हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं आणि म्हणाला, "अडीच."

अबोली | १ मे, रात्री १०:१५

माझं सव्वादोन होतं.